रेकॉर्डची तीच बाजू परत लावणाऱ्या तात्यांना

तीर्थस्वरूप तात्या,

सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर बसून हे बोलायला गेले तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चहा ठेवायला उठाल आणि माझं बोलणं राहून जाईल. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. गोष्ट परवा रात्री पुरी झाली. डोळे अजून कोरडे झालेले नाहीत, तेवढ्यातच लिहून टाकते.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची ती गोष्ट तीन वर्षं अडून बसली होती. आमचं घर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं. दोन रात्री आम्ही शेजाऱ्यांच्या स्लॅबवर काढल्या. त्याआधी गोठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आईनं म्हशींची दावी विळ्यानं कापली होती. मला लिहायचं होतं ते एवढंच, ती दावी कापणं. पण वहीत उतरायचे ते आकडे. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ फुटांच्या वर, अमुक दिवशी अमुक रस्ता बंद. बातमी होत होती, गोष्ट होत नव्हती.

कुणीतरी म्हणालं, गाणी लावून लिहून बघ. लावली. पण शब्द असलेलं गाणं सुरू झालं की ते शब्द माझ्या वाक्यात घुसायचे. आपल्याला कळणाऱ्या भाषेतलं गाणं आणि आपलं लिखाण एकाच दारातून आत शिरायला बघतात, दाटी होते. मग एका लेखन शिबिरात शिकवणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं, मन शांत करणारं काहीतरी लावा. त्यांनीच पाठवलेली बासरी लावली, तर तिच्या मागं पावसाचा आवाज भरलेला. मी पाच मिनिटांत कानातून ते काढून फेकलं. पावसाच्या आवाजानं मला अजून झोप लागत नाही, असं त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं मनाला लावून घेतलंत तर लेखक कशा होणार?" दुसरे एक गाण्यातले जाणकार. त्यांच्याकडं मोठ्या आशेनं गेले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, राग ओळखता येतात का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग ऐकून काय उपयोग. या दोघांचा राग मला अजून आहे, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही. दार ठोठावणाऱ्याला उंबऱ्यावरच परीक्षेला बसवणारी माणसं एखाद्याची किती वर्षं वाया घालवतात, हे त्यांना कधी कळतच नाही.

तुमच्याकडं मी गाण्यासाठी आलेच नव्हते. वडिलांचा पुरात भिजलेला टेप घेऊन आले होते. तुम्ही तो उघडून बघितलात आणि "ह्यात आता जीव न्हाई, पोरी" असं इतक्या हळू सांगितलंत, की जणू घरातल्या माणसाबद्दल बोलत होता. तेव्हा आतल्या खोलीत तबकडी फिरत होती. मी तशीच उभी राहिले. तुम्ही काही विचारलं नाही. राग, घराणं, शिक्षण, काहीच नाही. "बस की हितं," एवढंच म्हणालात.

तुमच्या पंचाहत्तर-ऐंशी रेकॉर्डींपैकी एकीलाही तिचं मूळ कव्हर नाही, हे तेव्हा दिसलं. पुरात कागद गेले, बऱ्याच तबकड्यांवरची लेबलंही गेली. एकेक तबकडी पाण्यानं धुऊन, सावलीत वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून तुम्ही पेन्सिलीनं वर नावं घातलीत, आणि ज्यांची लेबलं नव्हती ती कानानं ओळखून. त्या दिवशीचा आवाज जयपूर घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचा होता. पुढच्या रविवारी मी वही घेऊन आले.

त्या रविवारचंच मला सांगायचं आहे. तुम्ही सुई टेकवलीत. विलंबित तीनताल, सोळा मात्रांचं आवर्तन. बंदिशीचे शब्द होते, पण आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'च्या स्वरात, ते असे विरघळून जायचे की माझ्या शब्दांना त्यांची अडचण होईना. तान कुठं संपली आणि पुढची कुठं सुरू झाली ते कळू न देता आवाज नुसता पुढं चाललेला, आणि तरी समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना पाऊल नेमकं. माझा हात चालू लागला. आई गोठ्यात शिरली. वीसेक मिनिटांनी बाजू संपली, सुई शेवटच्या चरीत टकटक करू लागली आणि माझ्या पोटात धस्स झालं. आता हे थांबणार.

तुम्ही उठलात. रेकॉर्डींवर जीव असलेला कुणीही माणूस अशा वेळी दुसरी बाजू लावतो. "आता हे ऐका, याच्याहून वरचढ आहे," म्हणतो. तुम्ही माझ्या हाताकडं बघितलंत, तबकडी उलटली नाहीत, आणि तीच बाजू पहिल्यापासून लावलीत. मग परत. मग आणखी दोनदा. पुरातून वाचवलेली तबकडी, जिची चर दर वेळी थोडी झिजते, ती तुम्ही एका दुपारी एका अनोळखी बाईसाठी ओळीनं पाच वेळा वाजवलीत आणि चकार शब्द काढला नाहीत. पाचव्या वेळी आईनं शेवटचं दावं कापलं.

तात्या, माझ्यासाठी आजवर कुणी एवढं केलेलं नाही. माझा हात चालतोय, हे तुम्ही ओळखलंत.

राग कुठला, असं मी मधे एकदा विचारलं होतं. "मागनं सांगतो," म्हणालात. ते तुम्ही तीन आठवड्यांनी सांगितलंत, गौड मल्हार. पावसाचा राग! आधी सांगितलं असतंत तर मी वही मिटून उठले असते, हे तुम्हाला कसं कळलं?

जयपूर घराणं ज्यांनी घडवलं त्या अल्लादियाखाँसाहेबांची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. गाऊन गाऊन त्यांचा आवाज गेला, आणि परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. मग त्या जड आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, ती घेऊन ते शाहू महाराजांच्या दरबारात आले. ती पुढं त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँसाहेब यांच्याकडून मन्सूरांकडं गेली आणि तुमच्या तबकडीतून माझ्या वहीपर्यंत आली. मी कोल्हापुरात शिकले, देवल क्लब या गाण्याच्या जुन्या संस्थेवरून रोज कॉलेजला गेले, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हीसुद्धा ते शिकवायचं म्हणून सांगितलं नाहीत. माझी गोष्ट अडली होती म्हणून सांगितलंत.

पुराच्या दिवसांत तालमीतली पोरं नाव-गाव न विचारता भाकरी आणून देत होती. घे म्हणायची आणि पुढच्या माणसाकडं वळायची. तुमची जात तीच. आपल्याजवळ जे आहे त्यातलं समोरच्याला आत्ता काय लागतंय, एवढंच बघणारी माणसं. अशी माणसं या गावात पेठेपेठेत आहेत, आणि त्यांच्यावर कुणी लिहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

गोष्ट बावीस पानांची झाली आहे. आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "दावं कापताना हात थरथरत होता, तेवढं घाल." घातलं.

रविवारी येते आहे. तुमच्या प्लेअरला बसेल अशी नवी सुई मिळाली आहे, ती आणते. नाही म्हणू नका. आणि या खेपेला दुसरी बाजू लावा. ती मी अजून ऐकलेलीच नाही.

तुमची,
खिडकीजवळ बसून लिहिणारी