पकडलेल्या खलाशांचं काय?

महोदय,
२००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर १ जानेवारी व १ जुलैला एकमेकांच्या कैदेतल्या मच्छीमारांच्या याद्या देतात. बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते. आम्ही वेसाव्याचे बोटवाले मात्र ती शोधून वाचतो. पालघर-डहाणूकडची पोरं खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात आणि नेमकी तीच सापडतात. कच्छ आणि सिंधच्या मधल्या सर क्रीक खाडीच्या हद्दीचा वाद आजवर मिटलेला नाही, आणि पाण्यावर रेघ दिसत नाही. मध्यरात्री जाळं ओढताना सगळे हात दोरावर असतात, जीपीएसकडे बघणार कोण? पुढे माणूस सुटतो, पण बोट तिकडेच अडकते आणि मालकाच्या कर्जाचे हप्ते इकडे चालूच.

बाल्टिक समुद्राकाठच्या सात देशांनी ऐन शीतयुद्धात, १९७४ साली, हेलसिंकीत समुद्राच्या प्रदूषणाविरुद्ध करार केला. त्यात सोव्हिएत रशिया होता, दोन्ही जर्मनी होत्या. म्हणजे भांडण मिटायची वाट त्यांनी पाहिली नाही. आपल्याकडे दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती होती, ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची. २०१३ नंतर ते थांबलं. ती समिती आधी सुरू करा. क्रिकेटचं नंतर बघू.

– एक नाखवा, वेसावे कोळीवाडा, मुंबई