पॉइंटर ‘इंट’मध्ये कोंबू नका

संपादक महोदय,

याक किंवा बायसन (व्याकरणाच्या नियमांवरून सी भाषेतला कोड तयार करणारी साधने) वापरून पार्सर, म्हणजे मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, तयार करण्याचे प्रात्यक्षिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना करावे लागते. त्यासाठी ३२-बिट काळातल्या व्याकरण-फायली अजूनही नकलल्या जातात आणि त्यांतली एक चूक ६४-बिट यंत्रावर प्रोग्रॅम पाडते.

वेगळे काही सांगितले नाही, तर याक प्रत्येक नियमाचे मूल्य ‘इंट’ (सी भाषेतला पूर्णांक) धरतो. जुन्या फायलींत नोडचा (पार्सरने बनवलेल्या वृक्षातल्या एका घटकाचा) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, कास्ट करून (बळेच प्रकार बदलून) त्याच मूल्यात ठेवलेला असतो. तेव्हा दोन्ही ४ बाइटचे असल्याने निभावत असे. आता पॉइंटर ८ बाइटचा, इंट मात्र ४ चाच. वरचे ३२ बिट गळतात आणि परत मिळालेला पत्ता भलत्याच जागी नेतो.

ही चूक दरवेळी दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. लिनक्सवर ‘नो-पीआयई’ (प्रोग्रॅम मेमरीत ठरावीक पत्त्यावरच ठेवणारा पर्याय) देऊन बांधलेल्या प्रोग्रॅमचा हीप (चालू असताना मागून घेतलेली मेमरी) बहुधा पहिल्या ४ जीबीतच असतो, त्यामुळे गळलेले बिट शून्यच असतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात पीआयई (प्रोग्रॅम कुठल्याही पत्त्यावर ठेवता येण्याची सोय) मुळातच चालू असते, पत्ते खूप वर जातात आणि तोच कोड ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीच्या चुकीच्या वापराची एरर) देतो. इंटऐवजी लाँग हा दुसरा पूर्णांक-प्रकार लावणे हा उपाय नव्हे, कारण ६४-बिट विंडोजवर लाँगही ४ बाइटचाच आहे.

पुष्कळजण याकने तयार केलेली ‘वाय.टॅब.सी’ ही सी फाइल उघडून कास्ट बदलतात. याक पुन्हा चालला की ती मेहनत पुसली जाते. दुरुस्ती मूळ ‘.वाय’ व्याकरण-फायलीतच हवी. ‘%युनियन’मध्ये (मूल्याचे संभाव्य प्रकार सांगणाऱ्या भागात) नोडचा पॉइंटर आणि संख्या असे दोन सदस्य ठेवावेत. ‘%टाइप’ने नियमांना आणि ‘%टोकन’ने टोकनांना (मजकुरातल्या सुट्या शब्द-चिन्हांना) त्यांचा प्रकार द्यावा. लेक्सच्या (मजकुरातून टोकने वेगळी करणाऱ्या साधनाच्या) फायलीत ‘वायवायएलव्हॅल’च्या (टोकनाचे मूल्य पार्सरला देणाऱ्या चलाच्या) नेमक्या सदस्यातच मूल्य भरावे. मग सगळे कास्ट काढून टाकावेत. ते राहिले तर कंपायलरचे तोंड बंदच राहते.

कास्ट नसतानाही पत्ता कापला जाऊ शकतो. नोड बनवणारे फंक्शन दुसऱ्या फायलीत असेल आणि त्याचे प्रोटोटाइप (ते काय घेते आणि काय परत करते याची आगाऊ घोषणा) दिले नसेल, तर जुने कंपायलर ते इंट परत करते असे गृहीत धरतात. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ या कंपायलरमध्ये ही थेट एरर आहे. पर्याय देऊन ती दाबू नये, दोन्ही फायलींत एकच हेडर (ती घोषणा असलेली फाइल) घ्यावे.

प्रात्यक्षिक-पुस्तिका लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी येत्या सत्राआधी हे जुने नमुने बदलावेत, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, पुणे