केवळ फेऱ्या पुरेशा नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहाटे आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांची गर्दी पाहून समाधान वाटते. मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांचा व्यायाम फेऱ्यांपाशी सुरू होऊन फेऱ्यांपाशीच संपतो, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. (फेऱ्यांनंतरच्या शेव-उसळीचा हिशेब येथे धरलेला नाही.) चालण्याने हृदयाला लाभ होतो व रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, याबद्दल वाद नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा आणि किमान तीन दिवस तोल व ताकद या दोहोंवर भर देणारा व्यायाम सांगितला आहे, आणि नेमका हाच भाग आपल्याकडे वगळला जातो.

वयानुसार स्नायू झिजतात, हे आपण जाणतो. पण झीज सर्व तंतूंची सारखी होत नाही. चटकन आकुंचन पावणारे तंतू अधिक झिजतात, आणि ठेच लागताच पुढचे पाऊल झपकन टाकून सावरायला तेच लागतात. सपाट रस्त्यावरच्या संथ चालीत त्यांना फारसे काम पडत नाही. म्हणूनच रोज न चुकता बागेत येणाऱ्या गृहस्थांनाही घरच्या सोफ्यावरून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो आणि उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांसाठी गच्चीचा जिना चढताना कठडा सोडवत नाही. हातांची घडी छातीशी घेऊन खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, हे मोजण्याची एक साधी चाचणी आहे. ६५ ते ६९ या वयोगटात पुरुषांना १२ वेळा व स्त्रियांना ११ वेळा जमले नाही, तर पायांतील ताकद कमी समजली जाते.

‘आता या वयात काय!’ हा आक्षेप टिकणारा नाही. बोस्टन येथे सरासरी नव्वद वर्षांच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे वजनांचा व्यायाम देण्यात आला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अर्थात तो व्यायाम देखरेखीखाली झाला होता, आणि रक्तदाब, ठिसूळ हाडे किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

ही देखरेख बडोद्यात मिळणे अवघड नसावे. प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची परंपरा लाभलेल्या या शहरात व्यायाम शिकवणाऱ्यांची वाण नाही. मात्र आखाडा म्हणजे तरुणांची जागा, ही समजूत घट्ट आहे, आणि आजीमंडळींना तर तेथे पाऊल टाकण्याचाही संकोच वाटतो. आपल्या मराठी मंडळांची सभागृहे कार्यक्रम नसताना रिकामीच असतात. तेथे आठवड्यातून तीन दिवस, जाणकार शिक्षकाच्या नजरेखाली, खुर्चीवरून उठबस, टाचा उचलणे, भिंतीच्या आधाराने एका पायावर उभे राहणे आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवत सरळ रेषेत चालणे एवढे जरी सुरू झाले, तरी पुष्कळ साधेल. यासाठी लागतील त्या बिनहातांच्या मजबूत खुर्च्या आणि पाय न घसरणारी फरशी. उन्हाळ्यात सकाळी लवकरची वेळ ठेवावी, आणि निदान सुरुवातीला तरी सभागृह तळमजल्यावरचे असावे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
दांडिया बाजार, बडोदे