ते पॅनल एकदा चालू करा साहेब : एका एसी टेक्निशियनचं कौशल्य विकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्रीमहोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार साहेब,

मी पुण्यात एसी टेक्निशियन आहे, वय ४२, आयटीआयचा एसी-फ्रिजचा दोन वर्षांचा ट्रेड २००३ साली पास झालो आणि तेव्हापासून हेच काम करतोय. पत्रबित्र लिहायची सवय नाही, काही चुकलं तर माफ करा. आपल्याला वेळ नसतो हे माहीत आहे म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं वाटत नाही, कारण गेल्या महिन्यात माझी नोकरी गेली आणि ती एका सर्टिफिकेटमुळे गेली. सर्टिफिकेट नव्हतं म्हणून नाही, होतं म्हणून.

मी एका हॉस्पिटलच्या प्लांटरूमला होतो, कॉन्ट्रॅक्टरच्या पगारावर, हातात २१ हजार. दोन चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारी मशीनं, चार पंप, एक कूलिंग टॉवर आणि अकरा एएचयू, म्हणजे त्या पाण्यावर हवा थंड करून खोल्यांत सोडणारी फॅनवाली युनिटं. कुठल्या पंपाचं बेअरिंग बोलायला लागलंय ते मला जिना उतरतानाच कळायचं. दोन वर्षांपूर्वी तिथे बीएमएस, बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम, बसवलं. म्हणजे सगळ्या एएचयूंना, व्हॉल्व्हना, सेन्सरना वायरी टाकून ते डीडीसी कंट्रोलरमधून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक डब्यांतून, एका कॉम्प्युटरवर आणलं. त्या दिवसापासून मी माझ्याच प्लांटरूममध्ये पाहुणा झालो. पासवर्ड बसवणाऱ्या कंपनीकडे, ड्रॉइंग त्यांच्याकडे, आणि रात्री दोनला काही बिघडलं की फोन मात्र मला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, बीएमएस शिकून ये, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.

तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली, सरकारी योजनेतून मोफत कोर्स, बिल्डिंग ऑटोमेशन आणि एचव्हीएसी (एसी आणि हवा खेळती ठेवायचं काम), तीन आठवडे, प्रॅक्टिकलसह. 'प्रॅक्टिकलसह' हे जाड अक्षरात होतं. मी बिनपगारी रजा टाकली. जवळजवळ १५ हजार बुडाले, मुलीच्या बारावीच्या क्लासचा हप्ता पुढे ढकलला, बायको काही बोलली नाही पण तिने त्या महिन्यात दुधाचा रतीब अर्धा केला हे मला नंतर कळलं.

सेंटरवर बीएमएस शिकायचं पॅनल होतं साहेब. खोटं कशाला बोलू. भिंतीला लावलेलं, चकचकीत, दोन कंट्रोलर, ट्रान्सफॉर्मर, दहा-बारा रिले, आणि वर प्लास्टिक तसंच. तीन आठवड्यांत त्याला एकदाही करंट दिला नाही. सॉफ्टवेअरचं लायसन्स आलेलं नाही म्हणाले. शिकवायला डिप्लोमा झालेला पोरगा होता, पंचविशीचा असेल, भला मुलगा, तो दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मलाही हे कुणी शिकवलेलं नाही, मी पीपीटी वाचून दाखवतो, तुम्ही सांभाळून घ्या." त्याचाही पगार तीन महिने थकला होता. त्याच्यावर माझा राग नाही. शेवटच्या दिवशी असेसमेंट झाली, टॅबवर इंग्रजी प्रश्न, कोऑर्डिनेटर मागून फिरत कुठला पर्याय दाबायचा ते सांगत होता. मग टी-शर्ट, बॅग आणि त्या बंद पॅनलसमोर फोटो. सर्टिफिकेटवर छापलंय की मी ऑटोमेशन सिस्टिम चालवायला आणि दोष शोधायला सक्षम आहे.

कॉन्ट्रॅक्टरने ते हॉस्पिटलला दाखवून मला कागदोपत्री बीएमएस ऑपरेटर केलं. पगार तोच राहिला.

आता त्या दिवसाचं. सकाळी सव्वाअकराला ऑपरेशन थिएटरमधून फोन, गरम होतंय. पेशंट टेबलावर. स्क्रीनवर बघतो तर रूम २६ डिग्री, सेट पॉइंट, म्हणजे हवं असलेलं तापमान, २१, आणि चिल्ड वॉटरचा, एएचयूला येणाऱ्या थंड पाण्याचा, व्हॉल्व्ह फक्त १५ टक्के उघडा. मी सेट पॉइंट १८ केला. व्हॉल्व्ह १५. मग १६ केला. व्हॉल्व्ह १५. चिलरचं पाणी ७ डिग्रीने व्यवस्थित येतंय, पंप चालू, फॅन चालू, सगळं ठीक आणि तो व्हॉल्व्ह हलेना. बीएमएसवाल्यांना फोन लावला, ते म्हणाले रिमोटने बघतो, अर्धा तास द्या. आत माणूस फाडून ठेवलेला असताना अर्धा तास कुठून देऊ? मी पळत एएचयू रूममध्ये गेलो, अ‍ॅक्च्युएटरची म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरची २४ व्होल्टची सप्लाय काढली, बटण दाबून व्हॉल्व्ह हाताने पूर्ण उघडला. दहा मिनिटांत तापमान उतरायला लागलं. ऑपरेशन नीट झालं, पेशंट घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की सर्टिफाइड ऑपरेटर असूनही ओव्हरराइड ओळखता आला नाही आणि सिस्टिमच्या वायरिंगशी छेडछाड केली. आदल्या रविवारी बीएमएस कंपनीचाच इंजिनिअर टेस्टिंगला आला होता, त्याने तो व्हॉल्व्ह १५ टक्क्यांवर हाताने अडकवून ठेवला आणि सोडायचा विसरला. हे त्या रिपोर्टमध्ये कुठेच नाही. 'हा माणूस नको' असं सांगून हॉस्पिटल मोकळं झालं, कॉन्ट्रॅक्टरही मोकळा झाला.

ओव्हरराइड म्हणजे काय ते मला कुणी सांगितलं माहीत आहे? दुबईतल्या माझ्या बॅचमेटने, व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर, नोकरी गेल्यावर. तो म्हणाला, अरे बॅकनेटमध्ये, म्हणजे हे कंट्रोलर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्यात, एका व्हॉल्व्हला १६ प्रायॉरिटींवरून हुकूम देता येतो, लहान नंबरचा हुकूम जिंकतो, ८ नंबर माणसाने हाताने दिलेल्या हुकमाचा असतो, प्रोग्राम त्याच्यापेक्षा मोठ्या नंबरवर असतो. म्हणून तू सेट पॉइंट कितीही बदललास तरी ८ वरचा १५ टक्के तसाच बसून राहणार, तो आधी सोडावा लागतो. वीस मिनिटांत त्याने मला हे समजावलं. वीस मिनिटं साहेब. तीन आठवड्यांत मला ही वीस मिनिटं मिळाली नाहीत. आणि हे काही काल आलेलं नाही, बॅकनेट १९९५ चं आहे, मी आयटीआयला गेलो त्याच्याही आधीचं. तशीच दुसरी भाषा मॉडबस, ती तर १९७९ ची, माझ्या जन्माच्या आधीची.

आम्हाला आयटीआयमध्ये जे शिकवलं ते मनापासून शिकवलं, हेही लिहितो. आमच्या सरांनी ब्रेझिंग, म्हणजे टॉर्चने तापवून पाइप जोडणं, करताना एकेकाचा हात धरून दाखवला. फ्लेअर नीट आली नाही तर पाइप परत कापायला लावायचे. व्हॅक्यूम मारल्याशिवाय गॅस भरला तर दिवसभर बाहेर उभं करायचे. तो वर्कशॉप चालू होता, कॉम्प्रेसर चालू होते, म्हणून आज माझा हात चालतो. मला एवढंच म्हणायचंय की वायरीच्या बाबतीतही तेच पाहिजे. चालू मशीन पाहिजे. तारेला हात लावल्याशिवाय कुणी कंट्रोल शिकत नाही.

कारण आता मशीन आणि स्क्रीन वेगळ्या राहिलेल्याच नाहीत. साधा एएचयूचा फॅन घ्या. व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणाऱ्या डब्यावर, ५० हर्ट्झऐवजी ४० वर चालवला की वीज जवळजवळ निम्मी लागते, ८० टक्के स्पीडला ५१ टक्के पॉवर, हे फॅनचं गणित आहे, कुणीही करून बघावं. पण मी आजवर ज्या बिल्डिंगांत काम केलं त्यातल्या कितीतरी ठिकाणी व्हीएफडीचा स्विच हॅन्डवर आणि फॅन रात्रंदिवस फुल स्पीडला. का? ऑटोवर टाकल्यावर काही गडबड झाली तर ती कशी शोधायची हे तिथल्या माणसाला शिकवलेलं नाही, आणि गडबड झाली की नोकरी जाणार हे त्याला पक्कं माहीत आहे. मग तो हॅन्डवर टाकतो आणि रात्री झोपतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, केलंयही. बिल्डिंगमालकाने ऑटोमेशनवर लाखो रुपये घातले, उद्घाटन केलं, आणि आत सगळं हाताने चालू आहे.

दुसऱ्या बाजूला आता माझ्या जागी जो आणलाय तो मुलगा कॉम्प्युटर शिकलेला आहे. स्क्रीन छान चालवतो. पण चिलरचं अप्रोच, म्हणजे आतला गॅस आणि पाणी यांच्या तापमानातलं अंतर, वाढलं म्हणजे ट्यूब घाण झाल्यात हे त्याला माहीत नाही, कधी कंडेन्सर उघडून बघितलेला नाही. ज्याला मशीन कळतं त्याला स्क्रीनपाशी बसू देत नाहीत, आणि स्क्रीनवाल्याला कुणी मशीनपाशी नेत नाही. दोघांनाही दोष देता येत नाही.

मार्च २०१९ मध्ये केंद्राने इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन आणला. त्यात लिहिलं होतं की २०२२-२३ पर्यंत १ लाख सर्व्हिस टेक्निशियनना ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट. त्या लाखात जर माझ्यासारखी सर्टिफिकेटं मोजली असतील तर तो आकडा कशाचा आहे हे मला विचारायचंय. मग ४ ऑक्टोबर २०२५ ला आयटीआय सुधारायची केंद्राची योजना पीएम-सेतू आली, ६० हजार कोटी, १००० सरकारी आयटीआय, त्यात २०० हब म्हणजे मुख्य आणि ८०० स्पोक म्हणजे त्यांना जोडलेल्या. साधा भागाकार केला तर एका आयटीआयला सरासरी ६० कोटी होतात. एवढ्या पैशात प्रत्येक ठिकाणी एक चालू एएचयू, एक छोटा चिलर आणि त्याला जोडलेलं एक चालू पॅनल नाही बसणार? की परत प्लास्टिकसकट भिंतीला लावून फोटो?

माफ करा, आवाज चढतोय. पण चढणारच. माझ्या भाच्याने हाच ट्रेड केला, त्याला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयचे महिना ८ हजार मिळाले, आणि सहा महिने तो एका ऑफिसात फायली इकडून तिकडे नेत होता. एसीचा पोरगा, त्या ऑफिसातला एसी बंद होता, त्यालाही हात लावू दिला नाही. आज तो डिलिव्हरीच्या गाडीवर आहे. मग आम्हाला सांगतात इंडस्ट्रीला कुशल माणूस मिळत नाही. आणि जो मिळतो त्याला कॉन्ट्रॅक्टरकडे २१ हजारावर ठेवतात, टेंडर सगळ्यात कमी भाववाल्याला जातं, कमी भाव म्हणजे कमी माणसं, ट्रेनिंगची ओळ टेंडरमध्ये असते आणि बिलातही असते, फक्त ट्रेनिंग नसतं. हॅन्डओव्हरला दोन तास स्क्रीन दाखवतात, हजेरीवर सह्या घेतात. त्यातली एक सही माझी आहे. तेव्हा नाही म्हणायला पाहिजे होतं, पण नाही म्हणणाऱ्याचं काय होतं तेही बघितलंय.

आमचे लोक छज्जावर पट्टा न लावता उभे राहून आउटडोअर युनिट उतरवतात. एसीतले गॅस बदलले, आता आर-३२ आहे, आर-२९० आहे, आर-२९० म्हणजे प्रोपेनच, पेट घेणारा गॅस, आणि गल्लीतला पोरगा जुन्या आर-२२ गॅसच्या सवयीने ब्रेझिंगची टॉर्च पेटवतो. २३ एप्रिल २०२१ ला विरारला आयसीयूत आग लागली, कोविडचे पेशंट गेले, तेव्हा एसीमुळे लागली असं सांगितलं गेलं. तिथलं खरं कारण काय ते चौकशीवाल्यांना माहीत, त्यावर मी बोलणार नाही. पण मी माझ्या कामाचं विचारतो. फायर अलार्म वाजला की एएचयू आपोआप बंद पडला पाहिजे, डक्टमधला डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, बंद झाला पाहिजे, नाहीतर धूर डक्टमधून दुसऱ्या वॉर्डात जातो. ही जोडणी बीएमएस आणि फायर पॅनलमध्ये असते. ती दर काही महिन्यांनी खरोखर टेस्ट कशी करायची हे मला २२ वर्षांत एकाही ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. हॉस्पिटलच्या प्लांटरूममधल्या माणसाला.

म्हणून मागतोय ते फार नाही. पॅनलला करंट द्या. परीक्षा टॅबवर घेऊ नका, पॅनलवर घ्या: एका सेन्सरची वायर काढून ठेवा, दोन कंट्रोलरना एकच पत्ता द्या, एक व्हॉल्व्ह ८ नंबरवर अडकवून ठेवा, आणि पोराला सांगा शोध. सापडलं तर पास, नाही सापडलं तर परत शिक, त्यात लाज कसली. शिकवणाऱ्याला आधी सहा महिने खऱ्या बिल्डिंगमध्ये पाठवा आणि त्याचा पगार वेळेवर द्या. पुस्तक मराठीत काढा, ओव्हरराइडला ओव्हरराइडच म्हणा, सेन्सरला सेन्सरच, त्याला शब्द शोधत बसू नका, पण समजावणं मराठीत असू द्या. सरकारी बिल्डिंगांच्या टेंडरमध्ये लिहा की पासवर्ड आणि ड्रॉइंग त्या बिल्डिंगच्या ताब्यात राहतील. आणि माझ्यासारखे चाळिशीचे जे आहेत, ज्यांचा हात तयार आहे, त्यांना रात्रीच्या बॅचला घ्या, पगार बुडवून कुणी किती वेळा शिकायचं?

मी आता घरोघरी जाऊन विंडो आणि स्प्लिट धुतो. एका सर्व्हिसचे ५०० रुपये मिळतात. पावसाळ्यात फोन कमी येतात. मुलीने परवा विचारलं, "बाबा, तुम्ही तर सर्टिफिकेट घेतलं होतं ना." मी तिला काही सांगू शकलो नाही.

ते सर्टिफिकेट, मूळ प्रत, मी या पत्रासोबत स्पीड पोस्टने मंत्रालयात पाठवलं आहे. ते रद्द करा. ज्या दिवशी एखाद्या सेंटरवर चालू पॅनल लागेल त्या दिवशी मला बोलवा, स्वतःच्या खर्चाने येतो, परीक्षा देतो, आणि पास झालो तरच ते परत द्या.

आपला,
एक एसी टेक्निशियन, पुणे