राहून गेलेला जबडा

महोदय,

करोनात लांबलेल्या शस्त्रक्रियांवर बरेच लिहिले गेले, बदललेल्या शस्त्रक्रियांवर फारसे नाही. तोंडाच्या कर्करोगात जबडा काढल्यावर ती जागा दुसरीकडचे मांस आणून भरावी लागते; अशा आणलेल्या तुकड्याला फ्लॅप म्हणतात. पायातले बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडले, तर जबडा पुन्हा उभा राहतो. पण त्याला आठ-दहा तास, डॉक्टरांच्या दोन टीम आणि नंतर तासातासाला फ्लॅपचा रंग पाहणारी नर्स लागते. 2020 मध्ये नेमकी याचीच टंचाई होती. म्हणून अनेक सर्जननी छातीच्या स्नायूचा जुना फ्लॅप निवडला. त्याचा मूळ रक्तपुरवठा न तोडता तो मानेतून वर फिरवतात.

निर्णय योग्यच होता. गाठ साथ ओसरायची वाट पाहत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 23 मार्च ते 30 एप्रिल 2020 या काळात कर्करोगाच्या 494 नियोजित शस्त्रक्रिया केल्या आणि त्यात एकही रुग्ण दगावला नाही.

माझ्या मामांचा अर्धा जबडा त्याच वर्षी गेला. फ्लॅप टिकला, मामाही टिकले. पण हाड नसल्याने हनुवटी एका बाजूला सरकली आहे आणि भाकरी अजून दुधात कुस्करूनच खावी लागते. (तंबाखू सुटली, एवढेच मामींचे समाधान.) हाडाची शस्त्रक्रिया आता होऊ शकेल का, हे त्यांना कोणी बोलावून सांगितलेले नाही. रुग्णालयांनी त्या वर्षांच्या नोंदी काढून अशा रुग्णांना तपासणीला बोलवावे आणि सरकारी योजनेत हा दुसरा खर्च बसतो का, तेही तेव्हाच सांगावे.

– एक वाचक, सातारा