धबधब्यासमोर बसायला जागा हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सुट्टीच्या दिवशी प्रसिद्ध धबधब्यांवर उसळणाऱ्या गर्दीच्या बातम्या आपल्या पत्रात येतात. त्यांत वाहनकोंडी, हुल्लडबाजी आणि अपघात असतात, आणि ते सारे खरेही असते. मात्र नुकतेच आम्ही सहकुटुंब अशाच एका धबधब्यावर गेलो असता तेथील माणसे निवांतपणे न्याहाळण्याची संधी मिळाली. या गर्दीच्या बेशिस्तीवर जेवढे बोलले जाते, तेवढे तिच्या गरजांवर बोलले जात नाही, असे माझे मत त्यातून झाले.

कठड्याशी येणारा जवळजवळ प्रत्येक जण पाणी दिसताच आधी थबकतो; पायऱ्या उतरताना चाललेली कुरबूर तिथे मध्येच थांबते. पाण्याच्या गर्जनेत काहीच ऐकू येत नसल्यामुळे माणसे खुणांनी बोलू लागतात, एकमेकांच्या कानाशी वाकतात, आणि ज्यांनी एरवी चारचौघांत एकमेकांचा हात धरला नसता अशी वयस्कर जोडपी निसरड्या फरशीवर सहज हात धरून उभी राहतात. त्यानंतर पाण्याकडे पाठ होते, फोन वर जातात आणि मागून रेटा सुरू होतो. या छायाचित्रांच्या हौसेला नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्याला कठड्याशी जेमतेम मिनिटभर उभे राहता येते, त्याने दुसरे करावे तरी काय?

त्या गर्दीत एक आजी होत्या. मुलाच्या आणि सुनेच्या आधाराने त्या सगळ्या पायऱ्या उतरून आल्या, पण खाली बसायला साधे बाकसुद्धा नव्हते, म्हणून ओल्या पायरीवरच पदर सावरून टेकल्या. तिथून त्यांना दिसत होत्या त्या फक्त लोकांच्या पाठी. मधले कोणी हलले की तेवढ्या फटीतून दिसणाऱ्या पांढऱ्या धारेकडे त्या मान तिरकी करून पाहत. शेवटी मुलाने कठड्याशी जाऊन चित्रफीत काढून आणली आणि हाकेच्या अंतरावर कोसळणारा धबधबा त्यांना फोनच्या पडद्यावर दाखवला.

मुलांची स्थिती फारशी वेगळी नव्हती. कठडा त्यांच्या डोक्याच्या वर. वडिलांच्या खांद्यावर बसलेला एक मुलगा मात्र बराच वेळ एकटक पाणी पाहत होता, आणि नजर बाजूच्या कड्याकडे वळताच ‘बाबा, दगड वर चाललाय!’ असे ओरडला. वडिलांना ती गंमत वाटली, पण मुलगा खरेच सांगत होता. स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यावर रॉबर्ट अॅडम्स यांनी १८३४ मध्ये हाच अनुभव नोंदवला होता. एकाच दिशेची गती सतत पाहिल्यावर स्थिर वस्तू उलट दिशेने सरकल्याचा भास होतो. हा भास अनुभवायला तिकीट लागत नाही, फक्त न हलता काही वेळ पाहता यायला हवे, आणि नेमकी तेवढीच सवड ती जागा कोणाला देत नव्हती.

पाहणाऱ्यांचा विचार करणे अशक्य मुळीच नाही. नायगराच्या अमेरिकी काठावर एके काळी जमीनमालक कुंपणे घालून धबधबा दाखवण्याचे पैसे घेत. न्यूयॉर्क राज्याने ती जमीन ताब्यात घेऊन १८८५ मध्ये सर्वांना विनामूल्य खुली केली. पुढे अमेरिका आणि कॅनडा यांच्या १९५० च्या करारात तर पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावरून वाहिलेच पाहिजे, असे ठरले. वीजनिर्मितीसाठी अधिक पाणी वळवायचे ते रात्री आणि हंगामाबाहेर.

आमची मागणी याहून पुष्कळ लहान आहे. कठड्यामागे थोड्या उंचीवर पायऱ्यापायऱ्यांची बैठक असावी, म्हणजे बसलेल्यालाही उभ्या माणसांच्या डोक्यावरून पाणी दिसेल. कठड्याचा काही भाग मजबूत जाळीचा असावा, म्हणजे मुलांना उचलून धरण्याचा धोका टळेल. छायाचित्रांसाठी बाजूला वेगळा कोपरा राखावा. मोकळी चौकट मिळावी म्हणून कठडा ओलांडून शेवाळलेल्या खडकावर उतरणारे तरुण मी पाहिले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढते, हे त्यांना सांगणारा फलकही तिथे नव्हता. धबधब्यांची देखभाल करणाऱ्या यंत्रणांपर्यंत हे आपल्या पत्राद्वारे पोहोचावे आणि पुढच्या हंगामापूर्वी निदान बसण्याची सोय व्हावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक