वाचाउपचाराचे शिक्षण मिरजेत मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागला की आपल्या वृत्तपत्रातून पुढील शिक्षणाच्या वाटा सांगणारे लेख येऊ लागतात. वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंग या सर्वांची माहिती त्यांत असते; बीएएसएलपी या, श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांच्या पदवीचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. सांगलीत याच क्षेत्रात काम करत असल्याने ही उणीव मला रोज जाणवते.

बारावी विज्ञाननंतरचा हा अभ्यासक्रम इंटर्नशिपच्या वर्षासह चार वर्षांचा आहे. महाराष्ट्रात त्याचे प्रवेशही ‘नीट’च्या आधारेच होतात, पण पसंतीक्रम भरताना त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. शरीररचना, मज्जासंस्था, ध्वनिशास्त्र, भाषाविज्ञान, मानसशास्त्र हे विषय पुस्तकातून शिकता येतात. खरी घडण होते ती ओपीडीत, अनुभवी शिक्षकांच्या नजरेखाली. एखादे मूल ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणते, तेव्हा त्याच्या वयाला ते साजेसे आहे, की त्याला नीट ऐकूच येत नाही, की जिभेचा मागचा भाग उचलण्याची सवय त्याला लागलेली नाही, हे ठरवल्याशिवाय उपचाराला हात घालता येत नाही. अर्धांगवायूनंतर ज्यांना समोरच्याचे बोलणे कळते पण शब्द सापडत नाही, किंवा पाण्याच्या घोटालाही ठसका लागतो, असे रुग्णही याच तज्ज्ञांकडे येतात. गिळण्याच्या त्रासावर स्पीच थेरपिस्ट उपचार करतो, हे ऐकून नातेवाइकांना अजूनही नवल वाटते.

पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते. १९९२ च्या कायद्याने नोंदणीविना हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही काही आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून पाटी झळकवणारे आहेतच, आणि त्यांच्याकडे मुलाची तीन-चार मोलाची वर्षे घालवून आलेले पालक भेटतात तेव्हा मन विषण्ण होते. पालकांनी नोंदणी क्रमांक विचारावा. तो त्यांचा हक्क आहे.

अधिकृतपणे शिकू इच्छिणाऱ्यांपुढील अडचण वेगळी आहे. १९६५ साली स्थापन झालेली म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, नायर रुग्णालय, पुण्यातील महाविद्यालये ही सारी ठिकाणे घरापासून दूर आहेत. आटपाडी किंवा जत तालुक्यातील शेतकरी कुटुंबाला चार वर्षांचा राहण्या-जेवण्याचा खर्च पेलत नाही, आणि जे शिकून बाहेर पडतात त्यांतले बरेचजण त्याच शहरांत स्थिरावतात.

वाचाउपचार हा घरच्या भाषेतच व्हावा लागतो. जतच्या पूर्व भागातील कित्येक मुलांची घरची भाषा कानडी आणि शाळेची मराठी असते. तिथे दोन्ही भाषा जाणणारा, त्याच मातीतला तज्ज्ञ जेवढे करू शकेल तेवढे बाहेरून आलेल्याला करता येणार नाही. केंद्राच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात उपकरण बसवण्याची, महागडी शस्त्रक्रिया मोफत होते, परंतु त्यानंतर ऐकायला आणि बोलायला शिकवण्याचे काम पुढे कित्येक महिने, अनेकदा वर्षानुवर्षे चालते. त्यासाठी मूल कडेवर घेऊन पहाटेची एसटी गाठणाऱ्या आया मी पाहते. पेरणी-सुगीच्या दिवसांत त्यांच्या फेऱ्या खंडित होतात आणि मुलाची प्रगती तिथेच अडते.

मिरजेला वैद्यकीय सेवेची मोठी परंपरा आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा, बालरोग आणि मेंदूविकाराचे रुग्ण येतातच, त्यामुळे विद्यार्थ्यांना लागणारा अनुभव वेगळा उभा करावा लागणार नाही. या महाविद्यालयाला जोडून पदवीचा अभ्यासक्रम सुरू करण्याचा प्रस्ताव शासनाने पुनर्वास परिषद आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पाठवावा, ग्रामीण विद्यार्थ्यांना त्यात विद्यावेतन द्यावे आणि त्या बदल्यात काही वर्षे जिल्ह्यातील ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत सेवेची अट घालावी, अशी माझी मागणी आहे. लोकप्रतिनिधींनी ती लावून धरावी. तोवर, आपल्या यंदाच्या करिअर पुरवणीत या पदवीला जागा द्यावी, ही आपणास विनंती.

आपली,
एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ,
विश्रामबाग, सांगली